दोन बोटांतलं माप

जुन्या वर्तमानपत्रावर दोन पुशरॉड शेजारीशेजारी ठेवले होते. एक वडिलांच्या बुलेटमधून निघालेला, दुसरा नांदेडच्या मिस्त्री उस्तादांनी नवा करून आणलेला. मला दोन्ही सारखेच दिसले. चष्मा पुसून पाहिलं, तरी सारखेच. उस्तादांनी दोन्हींचं एक टोक वहीच्या पुठ्ठ्याला टेकवलं आणि दुसऱ्या टोकांवरून अंगठ्याचं नख अलगद फिरवलं. नख अडलं. त्यांनी माझा हात धरून माझंही नख फिरवलं. माझंही अडलं. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते नखाला कळलं. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला स्वतःच्या नखाबद्दल आदर वाटावा, असा हा पहिलाच प्रसंग.

तीन मिलिमीटर. आमच्याकडचे सुतार आणि लेथवाले अजून सुताच्या हिशोबाने बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे हा फरक एका सुताला किंचित कमी. एवढ्यासाठी मी लातूरहून नांदेडला चौथी खेप घातली होती.

पुशरॉड ही काय वस्तू आहे, हे मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला खरं तर सांगायला नको. त्याने तो लहानपणीच पाहिलेला असतो, नाव माहीत नसताना. आमच्या गावात, अहमदपूरच्या अलीकडे, पिठाची गिरणी ऑइल इंजिनवर चालायची. इंग्लंडातल्या लिस्टर कंपनीने 1930च्या सुमारास काढलेला सावकाश नमुना. पुढे त्याच्या नकला राजकोटला बनल्या आणि देशभर विहिरींवर, गिरण्यांवर जाऊन बसल्या. इंजिनाच्या अंगाला बाहेरून दोन उभ्या कांबी असायच्या. उघड्या. एक वर जाई तेव्हा दुसरी खाली. एका उखळात दोन बाया आळीपाळीने मुसळ घालतात ना, अगदी तसं. दळण घेऊन रांगेत बसलेलो आम्ही पोरं त्या कांबींकडे बघत राहायचो. इंजिन मिनिटाला 650 फेरे घेणारं, म्हणजे प्रत्येक कांब मिनिटाला सव्वातीनशे वेळा उचलली जायची. हे गणित मी फार पुढे केलं. तेव्हा एवढंच वाटायचं, की या दोन बाया दमत कशा नाहीत.

काम साधं आहे. खाली कॅम फिरतो. त्याला एका अंगाला फुगवटा, बाकी पाठ गोल. फुगवटा आला की टॅपेट उचलला जातो, टॅपेट रॉडला उचलतो, रॉड वरच्या रॉकरचं एक टोक उचलतो, रॉकरचं दुसरं टोक खाली येतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. फुगवटा सरला की स्प्रिंग सगळ्यांना परत जागेवर पाठवते. या साखळीत रॉडला स्वतःचं असं काही काम नाही. तो निरोप्या. खालचा निरोप वर न्यायचा, कमी नाही, जास्त नाही. ट्रॅक्टरमध्ये एखादा व्हॉल्व्ह अडकला तर बहुतेकदा पहिला वाकतो तोही हाच. निरोप्याच्या नशिबी दुसरं काय.

वडिलांची बुलेट 1979 सालची, 350 सीसीची, बिडाच्या सिलेंडरची. वडील लातूरच्या एका आडतीत मुनीम होते. गंजगोलाईपासून मोंढ्यापर्यंत त्यांचा दिवस तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पट्ट्यांत जाई. गाडी त्यांनी जुनी घेतली आणि तिचाही जमाखर्च लाल वहीत ठेवला. पेट्रोल, तेल, पंक्चर, ‘टॅपेट सेट केले’. हे शेवटचं वाक्य वहीत इतक्या वेळा येतं की मला ते वडिलांच्या तोंडचं पालुपद वाटायचं. मूळची ही इंग्लंडातल्या रेडिचची गाडी. 1955पासून मद्रासजवळ तिची जुळणी होऊ लागली आणि पुढे तिकडची कंपनी बुडाली तरी इकडे ही तशीच बनत राहिली. बिडाच्या सिलेंडरचं हे इंजिन 2010च्या सुमारापर्यंत टिकलं. एखाद्या यंत्राने इतकी वर्षं न बदलता राहायचं ठरवलं, की त्याचे मिस्त्री पुस्तक न वाचता तयार होतात.

तर टॅपेट सेट करणं. सिलेंडरच्या उजव्या अंगाला बुडाशी एक लहानसं झाकण असतं, एका नटावर बसलेलं. ते काढलं की आत दोन्ही रॉडची खालची टोकं दिसतात. प्रत्येकाच्या टोकाला आट्यांवर फिरणारा अ‍ॅडजस्टर आणि त्याला आवळणारा नट. म्हणजे या गाडीत रॉडची लांबी थोडीशी कमीजास्त करता येते, आणि ‘टॅपेट सेट केले’ याचा अर्थच मुळी रॉडची लांबी जुळवली असा आहे. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, इंजिन थंड. या अवस्थेत किती फट ठेवायची? ट्रॅक्टरवाला फिलर गेजची पाती सरकवून पाहतो. बुलेटचा मिस्त्री पाती वापरत नाही. तो दोन बोटं आत घालतो, रॉड चिमटीत धरतो आणि फिरवतो.

“घूमना, पन हिलना नको,” उस्ताद म्हणतात. स्वतःभोवती अलगद फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढंच माप. एग्झॉस्टचा रॉड मात्र किंचित, अगदी जाणवेल न जाणवेल इतका सैल. कारण एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापून स्वतःच लांबतो आणि ठेवलेली फट खाऊन टाकतो.

मला यावरून मालेगाव आठवतं. लोह्याजवळचं, खंडोबाच्या यात्रेचं. घोडे, खेचरं, गाढवं. बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करतात. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा दोनच हातांना ठाऊक. उस्तादांची बोटं त्या झाकणाच्या आत गेली की त्यांचा चेहरा तसाच होतो. कुठे तरी लांब बघत राहतात. आत काय बोलणं चाललंय ते बाहेरच्याला कळायचं नाही.

थंड असताना फट जवळपास शून्य ठेवून कसं चालतं, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. धातू तापला की वाढतो, मग आवळून बसायला नको? उत्तर रॉडच्या धातूत आहे. वीतभर, म्हणजे साधारण 20 सेंटीमीटरची बिडाची कांब 100 अंशांनी तापली तर पाव मिलिमीटरच्या आतबाहेर वाढते. तेवढीच अ‍ॅल्युमिनियमची कांब त्याच्या दुप्पट, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सिलेंडर बिडाचा, रॉड अ‍ॅल्युमिनियमचा. पण सिलेंडर आगीच्या शेजारी राहून जास्त तापतो आणि रॉड आपल्या बोळात तेलाच्या तुषारांत त्यामानाने थंड असतो. कमी वाढणारा जास्त तापतो, जास्त वाढणारा कमी तापतो. दोघांची वाढ जवळपास बरोबरीला येते. ही तडजोड ज्याने बसवली त्याच्या कागदावर नांदेडचा मे महिना नसणार, पण ती इथेही निभावते.

आता मूळ भानगडीकडे येतो.

माझा पुतण्या पुण्यात असतो. आजोबांच्या गाडीवर त्याचा जीव आहे, आणि जीव असलेल्या वस्तूला सुधारून पाहायची खोडही आहे. दिवाळीच्या सुटीत त्याने गाडी एका लेथवर नेली. गावाचं आणि लेथचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्याची नव्हती. परवानगी मी दिली होती. काँप्रेशन वाढावं म्हणून हेडची बैठक 30 थाऊ उतरवली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, लेथवाल्यांचं रोजचं चलन. 30 थाऊ म्हणजे पाऊण मिलिमीटर. वर पॅकिंग पातळ घातलं. कॅम घासून नव्या आकाराचा करून आणला. व्हॉल्व्हच्या सीट खोल कापल्या. गाडी जोडली, आणि अ‍ॅडजस्टर पूर्ण आत घालूनही दोन्ही रॉड गच्च. बोटाने फिरेनात. तरीही किक मारून पाहिली. लागली नाही. लागणार कशी? व्हॉल्व्ह बंदच होत नव्हते.

“काका, रॉड लांब झालेत,” पुतण्या म्हणाला.

रॉड लांब झाले नव्हते. रॉड होते तेवढेच होते. बाकीचं घर बसलं होतं.

हे वाक्य मी तेव्हा बोललो नाही. ते मला नांदेडला सुचलं. गाडी टेम्पोत घालून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नेली आणि उस्तादांच्या दारात उतरवली. उस्ताद सत्तरीचे. नांदेडला तख्त सचखंडमुळे पंजाबचे यात्रेकरू येतात, शहरात बुलेटी पूर्वीपासून भरपूर, आणि त्यांची निम्मी दुखणी या गल्लीतून बरी होऊन गेलीत असं लोक सांगतात. उस्तादांनी हेड काढलं, पाहिलं, आणि रॉडला हातही लावला नाही. ते म्हणाले, आधी बाकीच्यांना विचारू.

मी मुनिमाचा मुलगा. पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. हेड उतरलं, म्हणजे रॉकर तेवढा खाली आला, रॉड 0.76 मिलिमीटरने आखूड हवा. पॅकिंग पातळ झालं, आणखी 0.4 आखूड. सीट खोल कापली, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत गेला, त्याची दांडी दुसऱ्या बाजूने वर आली, रॉकर कलंडला, त्याचं रॉडकडचं टोक खाली झुकलं. अर्धा मिलिमीटर आणखी आखूड. कॅम घासला, त्याची पाठ 0.3ने बारीक झाली, टॅपेट तेवढा खाली बसला. इथे मात्र रॉड लांब हवा. तीन नावे, एक जमा. बाकी 1.36. वडिलांच्या वहीत पानाच्या तळाशी जशी शिल्लक येते, तशी ही रॉडची लांबी. कॅमने काय खाल्लं, हेडने काय दिलं, सीटने काय उचल केली, ते सगळं होऊन जे उरतं ते रॉडच्या नावावर पडतं. त्याला स्वतःची लांबी नसतेच.

मी पाकीट उस्तादांपुढे धरलं. त्यांनी ते आदराने वाचलं आणि परत दिलं. “कागद का हिसाब कागद कू मालूम, सर. इंजन कू क्या मालूम?”

मग त्यांनी डब्यातून एक विचित्र रॉड काढला. जुना रॉड मधोमध कापून, दोन्ही तुकड्यांत आटे पाडून, मध्ये एक बारीक स्क्रू घातलेला. फिरवला की लांब, उलटा फिरवला की आखूड. याच्यावर इंजिन कधी चालवायचं नाही. हा फक्त मोजायचा रॉड. व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी फवारणीच्या पंपातल्या असाव्यात तशा मऊ स्प्रिंगा घातल्या. कारण कडक स्प्रिंगेखाली हा कापलेला रॉड दबतो आणि खोटं बोलतो. मऊ स्प्रिंग असली की हाताने इंजिन फिरवता येतं आणि प्रत्येक जोडात काय चाललंय ते बोटांना कळतं.

पुढचं मला पाहिल्याशिवाय खरं वाटलं नसतं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक कडक टोपी असते, तिच्यावर रॉकर टेकतो. उस्तादांनी त्या टोपीला फिटर लोक लावतात तो निळा रंग फासला आणि इंजिन हाताने चार फेरे फिरवलं. टोपी काढून उन्हात धरली. निळ्यावर रॉकरने एक चकचकीत रेघ ओढली होती, आणि ती रेघ मधोमध नव्हती, कडेला होती.

रॉकर कमानीत फिरतो, व्हॉल्व्ह सरळ रेषेत जातो. कमान आणि सरळ रेषा यांचं पूर्णपणे जमणं शक्य नाही. थोडी घसरण होणारच. ती कमीत कमी कधी होते? आमच्या मोंढ्यातली तागडी डोळ्यांपुढे आणा. दांडी एकीकडे कललेली, मग आडवी, मग दुसरीकडे कललेली. व्हॉल्व्ह अर्धा उघडला असताना रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीशी काटकोनात यायला हवा, म्हणजे दोन्हीकडचं कलणं सारखं पडतं आणि रेघ आखूड नि मध्यावर येते. नाही तर रॉकर दर फेरीला व्हॉल्व्हला एका अंगाला ढकलत राहतो. गाइड लांबट झिजतो, तेल वर चढतं, धूर येतो, आणि माणूस पिस्टन रिंगा बदलत बसतो.

“ये रॉड का कसूर नहीं,” उस्ताद म्हणाले. रेघ कडेला गेली ती सीट खोल कापल्यामुळे, व्हॉल्व्ह वर आल्यामुळे. या गाडीत रॉकरची खुंटी पक्की बसवलेली आहे. रॉड बदलून तिची उंची बदलत नाही. आखूड रॉड घालून फट जुळवता आली असती, गाडी चालूही झाली असती, आणि निळी रेघ कडेलाच राहिली असती. आधी नव्या सीट बसवायच्या, व्हॉल्व्ह मूळ उंचीला आणायचे, मग रॉड मोजायचा. रॉड सगळ्यात शेवटी. दुसरी खेप अशी ठरली.

जगात सगळीकडे असं नाही, हे मला पुतण्याने मोबाइलवर दाखवलं. ज्या 1955 साली मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली, त्याच साली अमेरिकेत शेव्हरोलेचं लहान व्ही-आठ इंजिन आलं. त्यात प्रत्येक रॉकर आपापल्या खुंटीवर, नटाच्या आधारावर वरखाली होणारा. तिथे रॉड लांब झाला की रॉकरच उचलला जातो आणि निळी रेघ सरकते. त्यामुळे तिकडच्या हौशी लोकांना रॉडच्या लांबीचं केवढं वेड! मूळचा रॉड सुमारे 7.8 इंचांचा, त्याच्या आगेमागे पन्नास-पन्नास थाऊच्या पायऱ्यांनी रॉड विकत मिळतात. आणि विकत घेताना वाद असा, की लांबी धरायची कुठून? रॉडच्या टोकाला गोल गुंडी असते आणि गुंडीच्या शेंड्याला तेलासाठी भोक. भोकामुळे शेंडा थोडा कापला जातो. मग माप भोकाच्या कडेपासून घ्यायचं, की गुंडी पुरी असती तर जिथे संपली असती तिथपासून? दोन दुकानदार एकाच रॉडला दोन लांब्या सांगतात आणि दोघंही खरं बोलतात. आमच्याकडे पायलीचं माप शिगेचं की सपाट, यावर सोयरीक मोडलेली मी ऐकलेली आहे. अमेरिकेबद्दल त्या दिवशी मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

तिसऱ्या खेपेला सीट बसल्या होत्या. रेघ मध्यावर आली होती, नखाएवढी रुंद. मग आणखी एक तपासणी. हेड उतरवल्यामुळे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले होते आणि नव्या कॅमने ते जास्त उघडणार होते. दोघांची गाठ पडली तर सगळंच संपलं. उस्तादांच्या घरून भिजवलेल्या कणकेचा गोळा आला. पिस्टनच्या माथ्यावर तेल लावून त्यावर कणकेची पोळी थापली, हेड बसवलं, इंजिन दोनदा फिरवलं, हेड काढलं. कणकेत व्हॉल्व्हचे दोन चंद्रकोरी ठसे. ब्लेडने कापून पातळ जागेची जाडी मोजली. इनटेकला दोन मिलिमीटर आणि एग्झॉस्टला अडीच, एवढं तरी राहावं असा संकेत. आमच्याकडे थोडं जास्तच राहिलं. उरलेली कणीक शेजारच्या कोंबड्यांना.

आता मोजायचा रॉड. पिस्टन वर आलाय हे प्लगच्या भोकातून सायकलचा आरा घालून पाहिलं. आरा वर येतो, थबकतो, उतरू लागतो, त्या थबकण्यात थांबायचं. टॅपेट कॅमच्या पाठीवर हवा, फुगवट्याच्या जवळपासही नको, नाही तर सगळं माप फुकट. रॉड घालून स्क्रू फिरवत नेला. हलतोय, हलतोय, हलायचा थांबला. अजून फिरतोय. तिथे थांबले. तीनदा काढून तीनदा मोजला. व्हर्नियर माझ्या हातात होता, आकडे मी वाचत होतो. इनटेकचा जुन्यापेक्षा 0.9ने आखूड, एग्झॉस्टचा 0.75ने. माझ्या पाकिटावर सीटची रक्कम वजा जाता दोन्हींना 0.86 येत होते. वडील दोन आण्यांच्या फरकासाठी रात्री दोन वाजेपर्यंत कंदिलाजवळ बसायचे. मीही विचारलं, हा फरक कुठला? टॅपेटचा तळ झिजला असेल, रॉकरचं टोक झिजलं असेल, नव्या सीट दोघींच्या सारख्या बसल्या नसतील. चाळीस वर्षांची झीज कुणाच्या खात्यावर लिहिलेली नव्हती. ती इथे निघाली.

पण मग रॉड 0.9ने आखूड करायचा, तर उस्तादांनी तीन मिलिमीटर का कापला? हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि मी जरा तावातावाने विचारलं. सगळं इतकं बारीक मोजून शेवटी तिप्पट कापायचं, तर मोजलं कशाला?

त्यांनी जुना रॉड हातात दिला. अ‍ॅडजस्टर आत पूर्ण गेलेला, एक आटाही शिल्लक नाही. वडिलांच्या काळात दोन-तीनदा हेडची बैठक घासली गेली होती, दर वेळी अ‍ॅडजस्टर थोडा आत जात गेला होता, आणि वहीत दर वेळी फक्त ‘टॅपेट सेट केले’ एवढीच नोंद. पुतण्याने 30 थाऊ उतरवले तेव्हा देणं आधीच काठावर आलेलं होतं. तीन मिलिमीटर कापलं म्हणजे अ‍ॅडजस्टर दोन मिलिमीटर बाहेर येऊन आट्यांच्या मध्यावर बसतो. पुढे झीज झाली, रॉड लांब करावा लागला, तरी जागा; हेड पुन्हा घासावं लागलं, आखूड करावा लागला, तरी जागा. मोजून निघतं ते गाडीचं आजचं माप. कापायचं किती, ते उद्याकडे बघून ठरतं. हे उस्ताद असं बोलले नाहीत. ते म्हणाले, “दोनो तरफ जगा होना.”

नवा रॉड लेथवर गेला. अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर पोलादी टोपण दाबून बसवलेलं असतं. ते गरम करून ओढून काढलं, दांडी तीन मिलिमीटरने कमी केली, टोपण परत दाबलं. मग जुन्या आरशाच्या काचेवर रॉड गडगडवत सोडला. वाकडा असता तर उड्या मारत गेला असता. तो गुळगुळीत गेला, आणि काचेच्या कडेवरून पडता पडता उस्तादांनी झेलला.

पुतण्या म्हणतो, हे सगळं आता कालबाह्य आहे. त्याचं खरं आहे. 2009 साली नवी इंजिनं आली, त्यांत रॉड होते पण टॅपेट हायड्रॉलिक. आत तेल भरलेलं, एक लहान प्लंजर, तो फट आपोआप भरून काढतो. बोटं घालायला झाकणच राहिलं नाही. मग 2021मध्ये क्लासिकला नवं इंजिन आलं, त्यात कॅमच वर हेडमध्ये गेला, रॉड संपले. 2023च्या सप्टेंबरात बुलेट नावाच्या गाडीनेही तेच केलं. आता नवी बुलेट घेणाऱ्याच्या पायाखाली एकही रॉड वरखाली होत नाही.

मला त्या मधल्या, हायड्रॉलिकवाल्या गाड्यांचं वेगळं वाटतं. त्यांतही हेड उतरवलं, पॅकिंग बदललं की रॉडचा हिशोब बदलतोच; तिथेही प्लंजर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर दबलेला राहील असा रॉड निवडायचा असतो, वर जागा, खाली जागा. पण चूक झाली तर ती गाडी बराच काळ बोलत नाही. प्लंजर चूक गिळतो. आमच्या जुन्या गाडीचा टॅपेट सैल झाला की गल्लीला कळतं. खडखड ऐकून शेजारी सांगतात, सर, गाडी दाखवून घ्या. उस्तादांना या खडखडीची कधीच भीती वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती फार गोड चालणाऱ्या गाडीची. टॅपेट गच्च असला की आवाज बंद होतो, व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, आणि टेकल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. गप्पपणे जळत राहतो. गिऱ्हाईक खूश असतं तोवर.

चौथ्या खेपेला रॉड बसले. थंड इंजिन, दोन बोटं आत, नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर. नट आवळला की माप किंचित सरकतं, म्हणून आधी किंचित चुकवून ठेवायचं आणि आवळून बरोबर आणायचं. यात चार वेळा गेल्या. मग उस्ताद बाजूला झाले आणि मला म्हणाले, बघा. मी बोटं घातली. थंड, तेलकट, पेन्सिलीएवढं काही तरी चिमटीत आलं. फिरवलं. फिरलं. वर उचलून पाहिलं. हललं नाही. वडिलांनी हे कधी केलं असेल का, मला माहीत नाही. त्यांच्या बोटांना तुरीच्या दाण्याचा ओलावा कळायचा, हेही कळलं असतं.

किक तिसऱ्याला लागली. गाडी मोकळी खडखडत होती, एग्झॉस्टकडून थोडी जास्त. पाचशे किलोमीटरनंतर परत आणा, पॅकिंग बसेल, माप हलेल, असं त्यांनी बजावलं. मी वडिलांची लाल वही सोबत आणली होती. तिच्यात तारीख घातली, ‘टॅपेट सेट केले’ लिहिलं, आणि पहिल्यांदाच पुढे आकडे लिहिले. इनटेक 0.9, एग्झॉस्ट 0.75, कापले 3.

उस्ताद हात पुसत होते. मोजायचा रॉड अजून ओट्यावर होता, आमच्या गाडीच्या मापाला थांबलेला. मी म्हटलं, हा असाच राहू द्या, पाचशे किलोमीटरनंतर उपयोगी पडेल. त्यांनी मान हलवली. “आपकी गाडी का नाप आपकी गाडी में है, सर. इसमें रखको क्या करना? कल दुसरे की गाडी आती.”

आणि त्यांनी स्क्रू उलटा फिरवायला घेतला. सावकाश, एकेक आटा, दोन्ही तुकडे सुटे होईपर्यंत. मग ते डब्यात टाकले.